लग्न मोडल्यानंतरची शारदा

(घाटंजी येथे किशोरी गटांच्या कार्यकर्त्यांसाठी झालेल्या शिबिरातील भाषण, थोडे संक्षिप्त करून.)

बालविवाहाच्या शिबिरात नाटकाचे काय काम, असे काहीजणींना वाटेल. कायदा, तक्रार कुठे करायची, १०९८ हा नंबर, हे सगळे काल झाले. आज मी ‘संगीत शारदा’बद्दल बोलणार आहे. हे नाटक सव्वाशे वर्षांपूर्वीचे. पहिल्यांदा पाहिले तेव्हा ते मला बेताचेच आवडले होते. आज ते मला फार जवळचे वाटते, आणि त्याला कारण आहे आपले काम.

ज्यांनी पाहिले नाही त्यांच्यासाठी गोष्ट थोडक्यात सांगते. गोविंद बल्लाळ देवलांनी हे नाटक लिहिले आणि किर्लोस्कर नाटक मंडळीने १८९९ साली ते रंगमंचावर आणले. कांचनभट नावाचा लोभी बाप आपल्या लहान मुलीचे, शारदेचे, लग्न पंच्याहत्तरीच्या भुजंगनाथाशी ठरवतो. पैसे घेऊन. भद्रेश्वर दीक्षित हा मध्यस्थ. आई, इंदिराकाकू, विरोध करते, पण घरात तिचे कोण ऐकणार? कोदंड हा सुधारक विचारांचा तरुण हे लग्न थांबवायला धडपडतो. ऐन लग्नात उघड होते की वर आणि वधू एकाच गोत्राचे आहेत. लग्न मोडते. शारदा जीव द्यायला नदीवर जाते, कोदंड तिला वाचवतो, आणि शंकराचार्यांच्या संमतीने त्या दोघांचे लग्न होते.

मी हे प्रथम पाहिले तेव्हा नागपूरला एमएसडब्ल्यूच्या वर्गात होते. एका हौशी संस्थेचा प्रयोग होता. गाणारे चांगले होते, पण पद सुरू झाले की गोष्ट जागच्या जागी थांबायची. त्यात वन्समोअर. माझ्या तक्रारी तीन होत्या. एक, शारदा फक्त रडते. ठरवणारे सगळे दुसरेच. दोन, तिला वाचवायला पुरुषच लागतो, आणि शेवटी धर्मपीठाचा होकार. तीन, लग्न मोडते ते गोत्रामुळे. म्हातारा आहे म्हणून नाही, मुलगी विकली म्हणून नाही, मुलीला नको आहे म्हणून तर नाहीच नाही. शिवाय सगळे ब्राह्मण घरातले. आमच्या कोलाम, पारधी, बंजारा वस्त्यांवरच्या मुली त्यात कुठेच नव्हत्या. या तक्रारी मी आजही मागे घेत नाही. पण नाटकात त्यांच्यापलीकडेही बरेच आहे, आणि ते दिसायला मला काही वर्षे गावोगाव फिरावे लागले.

दुसऱ्यांदा नाटक पाहिले तोवर मी या जिल्ह्यात सात-आठ वर्षे काम केले होते. भद्रेश्वर रंगमंचावर आला आणि प्रेक्षक हसू लागले. मला हसू येईना, कारण हा माणूस माझ्या ओळखीचा होता. आता तो मोटारसायकलवर येतो, मोबाईलमध्ये फोटो दाखवतो, परराज्यातले स्थळ आणतो आणि ‘हुंडा नको, उलट लग्नाचा खर्च तेच करतील’ असे सांगतो. देवलांनी त्याला राक्षस केलेला नाही. तो गोड बोलतो, घरच्यासारखा वागतो. सौदा हा असाच होतो, हे देवलांना नेमके कळले होते. आणि इंदिराकाकू! अशा किती आया आपण पाहिल्या आहेत? मनातून विरोध, पण धनी बोलला की तोंड बंद.

मग पदांचे काय? ज्या पदांनी गोष्ट अडते असे मला वाटले होते, तीच मला या नाटकाचा जीव वाटू लागली. विचार करा. त्या घरात प्रत्येकाला घाई आहे. बापाला पैशाची, म्हाताऱ्याला बायकोची, मध्यस्थाला दलालीची. मुहूर्त जवळ येतोय. मुलीला विचारायला कुणाला वेळ नाही. अशा वेळी ती गाऊ लागते आणि सगळ्यांना थांबावे लागते. पद संपेपर्यंत तिला कुणी गप्प करू शकत नाही. गेलेल्या बालपणाची आठवण ती गाते, समोर उभी राहिलेली भीती गाते. घरात जिचे मत मोजत नाहीत तिला नाटक सगळ्यात जास्त वेळ देते. संगीत नाटक संगीत का असते, याचे उत्तर मला तिथे मिळाले. मैत्रिणींची पदेही तशीच. त्या म्हाताऱ्या नवऱ्याची थट्टा करतात, श्रीमंतीची थट्टा करतात. मोठी माणसे जे चारचौघांत बोलत नाहीत ते मुली चेष्टेत बोलून टाकतात. आपल्या जात्यावरच्या ओव्या आणि भुलाबाईची गाणी दुसरे काय करतात?

आता गोत्राची गोष्ट. शारदेच्या काळात कायदा काय होता? १८९१ च्या संमतीवयाच्या कायद्याने शरीरसंबंधासाठी मुलीचे वय १० वरून १२ केले होते. लग्नाच्या वयाला बंधन नव्हतेच. त्याआधी १८८७ मध्ये रखमाबाईंना मुंबईच्या हायकोर्टाने सांगितले होते की नवऱ्याकडे नांदायला जा, नाहीतर तुरुंगात जा. लहानपणी लावलेले लग्न मला मान्य नाही, एवढेच त्या म्हणत होत्या. अशा काळात म्हाताऱ्याचे लग्न थांबवायला देवलांच्या हाती समाज मानेल अशी एकच गोष्ट होती, ती म्हणजे गोत्र. आणि आपण काय करतो? मंडपात पोचतो आणि शाळेचा दाखला दाखवतो. जन्मतारखेने लग्न थांबते. बापाचे मन बदललेले नसते. कागदाने काम झालेले असते. त्या दिवशी तेवढे पुरते. पण पुढे?

इथे मी तुम्हाला एका किशोरी गटाबद्दल सांगते. आम्ही या नाटकातले काही प्रवेश मोठ्याने वाचत होतो. भाषा जुनी, मुली अडखळत होत्या, एकमेकींना कोपर मारून हसत होत्या. लग्न मोडल्याचा प्रवेश संपला. मला वाटले, आता टाळ्या वाजतील. तेवढ्यात सातवीतल्या एका मुलीने विचारले, “लगन मोडलं ताई, मंग त्या पोरीचं का झालं?”

मैत्रिणींनो, शेवटचा अंक याच प्रश्नावर उभा आहे. लग्न थांबले तिथे देवलांनी पडदा टाकला असता तर नाटक आनंदात संपले असते. पण ते पुढे जातात. मोडलेल्या लग्नाची मुलगी घरी काय तोंड दाखवणार, तिला कोण पत्करणार, या विचाराने शारदा नदीवर जाते. सुटका झालेली मुलगी सगळ्यात जास्त धोक्यात असते, हे १८९९ च्या नाटकाने सांगितले आहे. आपल्या अहवालात मात्र ‘बालविवाह रोखला’ एवढी एक ओळ असते. तिची शाळा पुन्हा सुरू झाली का? घरात तिच्याशी कोण बोलते? पंधरा दिवसांनी नातेवाइकांच्या गावी नेऊन गुपचूप लग्न लावले का? हे लिहायला तिथे रकाना नसतो. शारदेला कोदंड भेटला. आपल्या मुलींना कोदंड भेटत नाही, आणि भेटावा असेही मी म्हणणार नाही. एका लग्नातून सोडवून लगेच दुसरे लग्न, हे उत्तर मला आजही पटत नाही. पण देवलांनी प्रश्न खरा विचारला, म्हणून मला ते नाटक जवळचे.

कायद्याबद्दल एक गैरसमज नेहमी ऐकू येतो. १९२९ च्या बालविवाह कायद्याला ‘शारदा कायदा’ म्हणतात, तो या नाटकातल्या शारदेवरून, असे पुष्कळांना वाटते. ते नाव हरबिलास सारडा यांच्यावरून पडले. त्या कायद्याने मुलीच्या लग्नाचे वय १४ ठरवले. १९७८ मध्ये ते १८ झाले. २००६ च्या कायद्यानुसार बालविवाह रद्द करून घेता येतो. आणि कलम १२ प्रमाणे लग्नासाठी मुलीची विक्री झाली असेल, तर ते लग्न मुळातच बेकायदा, शून्य. म्हणजे आज शारदेला गोत्राची गरज नाही. बापाने पैसे घेतले, एवढे सिद्ध झाले की पुरे. हे कलम आपल्यातल्या किती जणींना पाठ आहे?

शेवटचे. शारदेचे दुःख पुरुषाने लिहिले आणि रंगमंचावर ते पुरुषांनीच गायले. बालगंधर्वांची शारदा तर गाजलेली. १९८३ मध्ये ज्योती म्हापसेकरांनी ‘मुलगी झाली हो’ लिहिले आणि स्त्रीमुक्ती संघटनेच्या बायका ते गात-नाचत गावोगाव घेऊन गेल्या. नंतर ‘तेरवं’ आले. त्यात आत्महत्या केलेल्या शेतकऱ्यांच्या पत्नी स्वतःच रंगमंचावर उभ्या राहिल्या. त्यांतल्या आपल्या जिल्ह्यातल्या वैशाली येडे यांनी २०१९ मध्ये यवतमाळच्या साहित्य संमेलनाचे उद्घाटन केले. गाणे हळूहळू जिचे तिच्याकडे येत आहे.

म्हणून माझी विनंती अशी. आपापल्या गटात शारदेचा शेवटचा अंक वाचा. शारदा नदीकडे निघते तिथे पुस्तक मिटा आणि मुलींना विचारा, आता हिने कुठे जावे? कुणाचे दार ठोठवावे? त्यांची उत्तरे लिहून घ्या. गावात असे एकही दार नाही असे त्या म्हणाल्या, तर पुढच्या तीन महिन्यांचे आपले काम ठरले.