चकमकीची बंदूक आणि तिची दारू



आज आम्ही बंदुकीच्या दारूविषयी बोलणार आहोत. ज्या ठाण्याच्या किल्ल्यात आज कारागृह आहे, तो १७३७ साली मराठ्यांनी पोर्तुगीजांकडून जिंकला आणि १७७४ साली इंग्रजांनी मराठ्यांकडून घेतला. दोन्ही प्रसंगी ठासणीच्याच बंदुका चालल्या. त्या चालवणाऱ्या शिपायाचा जीव पुष्कळ अंशी पुडीतल्या दारूवर अवलंबून असे. तेव्हा चांगली दारू कशी ओळखावी, हा त्याच्या दृष्टीने जीवनमरणाचा प्रश्न होता.

तोड्याच्या बंदुकीत जळती वात दारूला लावीत. चकमकीच्या बंदुकीत घोड्याच्या जबड्यातली गारगोटी पोलादावर घासते, ठिणग्या कानातल्या रंजकावर पडतात आणि तिथली ज्वाला छिद्रावाटे नळीतल्या दारूपर्यंत जाते. म्हणजे येथे दारूची कामे दोन: एक पेट घेण्याचे, दुसरे गोळी ढकलण्याचे.

सोरा, गंधक आणि कोळसा हे घटक दोन्हीकडे तेच, फरक दाण्याचा. जाड दाणा सावकाश जळतो, बारीक दाणा झपाट्याने. म्हणून तोफेला जाड दाणा, बंदुकीला त्याहून बारीक आणि रंजकाला सर्वांत बारीक. तोफेची दारू बंदुकीत घातली तर ती पुरती जळण्याआधीच गोळी बाहेर पडते. बंदुकीची दारू मोठ्या तोफेत ठासली तर तोफच फुटण्याचे भय. नळीला आतून पेचदार खाचा असलेल्या रायफलीत गोळी घट्ट बसते. दारू जळली तरी तिचा निम्म्याहून अधिक भाग घन रूपात मागे उरतो. तो खाचांत साचला की पुढची गोळी आत जाईना! तिथे दारू शुद्ध हवी आणि मोजून घातलेली हवी. जोरदार ती चांगली, असा नियम येथे नाही. जिथली तिथे शोभेल ती चांगली.

आता आपल्या खाडीकाठचा प्रश्न पाहू. आषाढात कल्याण-डोंबिवलीच्या कोणत्याही घरात मिठाच्या बरणीला पाणी सुटते, हे येथील भगिनींना सांगायला नको. शुद्ध सोरा सहसा ओल धरीत नाही; पण कच्च्या सोऱ्यात मीठ व इतर क्षार मिसळलेले असतात आणि ते ओल ओढतात. त्यावर उपाय मोठा सुंदर आहे. शंभर भाग उकळत्या पाण्यात सुमारे २४५ भाग सोरा विरतो, तर २० अंश उष्णतेच्या पाण्यात अवघा ३२ भाग. मीठ मात्र गरम-थंड दोन्ही पाण्यांत जवळजवळ सारखेच विरते. तेव्हा कढत द्रावण निवू दिले की सोऱ्याचे खडे तळाशी बसतात आणि मीठ पाण्यात राहते. हे काम ज्याने आळसाने केले, त्याची दारू कोकणच्या पावसात रुसलीच म्हणून समजा.

पण निवडलेली दारूही सांभाळावी लागते. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात याचा बारकाईने विचार आहे. दारूखाना वस्तीपासून दूर असावा, दारूला सर्दी लागू देऊ नये, आठपंधरा दिवसांनी ती बाहेर काढून ऊन द्यावे आणि पुन्हा मोहोर करून ठेवावी, असा त्यांचा आदेश. कोठारातली ही चिकाटी रणात उपयोगी पडते. १७३९ साली वसईच्या तटाखाली चिमाजीअप्पांच्या फौजेने सुरुंग लावले. काही वेळेवर उडाले आणि वाट झाली. लोक धावून गेले, तोच मागाहून उडालेल्या सुरुंगाने आपलीच माणसे मारली. तिथे उशिराचे कारण काय होते, हा वाद आम्ही घालीत नाही. दारूने वेळ चुकवली म्हणजे तिला आपला-परका कळत नाही, एवढे त्यातून दिसते.

शेवटी एक व्यवहाराची गोष्ट. आपल्यापैकी कोणाच्या गावच्या माजघरात पूर्वजांची ठासणीची बंदूक टांगलेली असेल. १८८४ साली फ्रान्समध्ये व्हिएल यांनी बिनधुराची दारू काढली. आजच्या काडतुसांत तिचेच वंशज असतात. तिचा दाब त्या जुन्या नळीला सोसत नाही. चिमूटभर पुरेल अशा समजुतीने ती घालणाऱ्याच्या हाती बंदूक राहत नाही, आणि कित्येकदा हातही राहत नाही. ती बंदूक परवान्याच्या नियमात आहे की नाही हे पोलिसांकडे विचारावे, नळी भरलेली नाही याची जाणकाराकडून खात्री करून घ्यावी, आणि मग तिला खुशाल भिंतीवर विश्रांती घेऊ द्यावी. तिच्या दारूचे ज्ञान मात्र आपण जतन करावे. त्याला सर्दी लागण्याचे भय नाही.