राजदूतची चेसी मी का कापत नाहीये

आजचा एपिसोड जरा तेलकट आहे. आमच्या आबांची राजदूत गोठ्यामागून बाहेर काढली आणि तिला नवं रूप द्यायचं ठरवलं, तेव्हापासून भेटेल तो पोरगा एकच विचारतो, "मागची चेसी कापली का?" नाही कापली, आणि कापणारही नाही. का, ते आज सांगतो.

आधी गाडीची ओळख करून देतो, कारण तुमच्यातल्या निम्म्या लोकांनी ती फक्त फोटोत बघितली असेल. राजदूत फरिदाबादच्या एस्कॉर्ट्स कंपनीची. पोलंडमध्ये एसएचएल एम-११ नावाची मोटरसायकल होती, तिच्यावरून साठच्या दशकात आपल्याकडे ही बनायला लागली. १७३ सीसीचं टू-स्ट्रोक इंजिन. जाहिरातीत धर्मेंद्र असायचा. १९७३ च्या 'बॉबी'मधली ती बुटकी गाडी पण राजदूतच, जीटीएस. पण आपल्या धाराशिव जिल्ह्यात राजदूत म्हटलं की हिरो-बिरो कुणी आठवत नाही, दूधवाला आठवतो. आमचं गाव भूम तालुक्यात. इकडं खव्याच्या भट्ट्या भरपूर. आबा पहाटे दोन्ही बाजूला दुधाचे कॅन अडकवून भट्टीवर दूध घालायला जायचे. गाडी १९८४ ची, एक्सेल टी.

आता कॅफे रेसरचा कुठलाही व्हिडिओ लावा. पहिल्या दोन मिनिटांत ग्राइंडर निघतो, ठिणग्या उडतात, मागचे दोन पाइप उडवले जातात आणि तिथं गोल लूप वेल्ड होतो. दिसायला भारी दिसतं, खोटं कशाला बोलू. पण त्या मागच्या पाइपांवर सीटचं वजन येतं, आणि शॉकॲबसॉर्बरचं वरचं टोक पण तिथंच कुठंतरी बसलेलं असतं. म्हणजे खड्ड्यातला प्रत्येक दणका त्या जोडावर. मुंबईचे अक्षय वर्दे यांच्या 'वर्देंची'सारख्या गाड्या बघून आपल्याला जोर चढतो, पण त्यांचा तो धंदा आहे, हात बसलेला आहे. पहिल्यांदाच गाडी खोलणाऱ्यानं गेट-खिडक्या बनवणाऱ्या वेल्डरकडून चेसी जोडून घ्यायची आणि मग डबलसीट तुळजापूरला निघायचं, हे मला पटत नाही.

दुसरी गोष्ट कागदाची. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे. कंपनीनं दिलेला तपशील आणि आरसीवरचा तपशील यांच्यात फरक पडेल असा बदल गाडीत करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानं पण हेच सांगितलं. नियमात न बसणारा बदल केला तर मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. रंगसुद्धा आरसीवर नोंदलेला असतो, बदलायचा तर आरटीओत नोंद करून घ्यायची.

आणि आमच्या गाडीची तर नोंदणीच संपलेली. १५ वर्षांनंतर पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं, ते मध्येच राहून गेलं. आता फॉर्म २५ भरायचा, हरित कर, उशिराचा दंड, आणि २० वर्षांवरच्या मोटरसायकलला ऑगस्ट २०२५ पासून २,००० रुपये फी. मग गाडी इन्स्पेक्टरसमोर उभी करायची. चेसी नंबर, इंजिन नंबर बघणार. तिथं अर्धी कापलेली गाडी घेऊन कोण जाणार?

"पण व्हिंटेजला वेगळा नियम आहे ना?" आहे. २०२१ साली आला. पण त्यात गाडी ५० वर्षांपेक्षा जुनी लागते आणि मूळ रूपात लागते, चेसीत-इंजिनात मोठे फेरफार चालत नाहीत. नवीन नोंदणीला २०,००० रुपये, नंबरात 'व्हीए' अक्षरं येतात, आणि रोजच्या वापराला ती गाडी चालवता येत नाही. आमची १९८४ ची, म्हणजे २०३४ उजाडेल. आज ग्राइंडर लावला तर तो रस्ता आत्ताच बंद.

हे सगळं मी आबांना सांगत होतो. त्यांचं वय ७९. ते म्हणाले, "कापायची असंल तर भंगारात घाल लेका, पैसे तरी येतील." आणि मग त्यांनी कॅनच्या अँगलकडं बोट दाखवलं. मी तो कधी नीट बघितलाच नव्हता. दोन्ही बाजूचे लोखंडी अँगल वेल्ड केलेले नाहीत, पट्ट्या आणि नट-बोल्टनं चेसीला आवळलेत. का? तर लग्नकार्याला आजीला मागं बसवून जायचं असलं की अँगल काढून ठेवायचे. "चार नट खोलले की गाडी पहिल्यासारखी," म्हणाले. म्हणजे घरातला पहिला कस्टम बिल्डर मी नाहीच!

मग ठरलं, जे बोल्टनं लागेल आणि बोल्टनं निघेल तेवढंच करायचं. सपाट सीट, पण जुन्याच भोकांवर बसणाऱ्या वेगळ्या पत्र्यावर. जुनी सीट पोत्यात बांधून माळ्यावर. थोडं खाली येणारं हँडल. मूळ मीटर आणि टाकीचे बॅज जपून ठेवलेत, ते गेले तर परत मिळवताना घाम फुटतो. सुट्या भागांसाठी सोलापूर, नाहीतर थेट पुण्याची नाना पेठ.

आणि इंजिन आधी, रंग मागून. हे मिस्त्रीकाकांनी पहिल्याच दिवशी सांगितलं. आमचं इंजिन जाम होतं, किक जागची हलेना. प्लग काढून त्या भोकातून डिझेल आणि ऑइल सोडलं आणि चार दिवस हात लावला नाही. पाचव्या दिवशी हातानं जोर दिल्यावर पिस्टन हलला. मग सिलिंडर उतरवला तर आत ओरखडे, म्हणून बोअरिंगला दिला. बोअर जितका वाढेल तितका मोठा पिस्टन लागतो, पाव मिलिमीटरच्या टप्प्यानं.

टू-स्ट्रोकमध्ये अजून एक भानगड असते, क्रँकची ऑइल सील. चाळीस वर्षांत रबर कडक होतं, तिथून हवा आत ओढली जाते, पेट्रोल कमी आणि हवा जास्त होते, इंजिन तापतं आणि नवा पिस्टन पुन्हा धरतो. आपण मात्र कार्बोरेटरला शिव्या घालत बसतो. सील स्वस्त असतात, इंजिन खोललंय तर बदलूनच टाका. आणि आरएक्स १०० वाल्यांनो, तुमच्याकडं ऑइलचा वेगळा पंप आहे. आमच्याकडं टाकीतच मिसळायचं, काकांच्या मापानं लिटरला ४० मिली.

टाकीवरून एक महत्त्वाचं. टाकी गळत असेल तर ती रिकामी दिसते म्हणून वेल्डिंगला देऊ नका. पेट्रोल संपतं पण वाफ आत राहते, आणि ठिणगी पडली की टाकी फुटते. माणसं गेलीत यात. टाकी साबणाच्या पाण्यानं अनेकदा धुवायची, आणि हे काम नेहमी करणाऱ्याकडंच द्यायची. गंज काढायला आम्ही आत नट आणि बारीक खडी टाकून हलवली, अर्धा दिवस, आळीपाळीनं. आबांनी पण दोन मिनिटं हलवली, मग म्हणाले, "आता चहा आण."

सिलिंडर अजून सोलापूरहून यायचाय. कॅनचे अँगल काढलेत, घासलेत, काळा रंग मारलाय. ते परत लावायचे का, यावर घरात दोन मतं आहेत. आबा म्हणतात काढून टाक. मला वाटतं एका बाजूचा तरी ठेवावा. सिलिंडर आला की पुढच्या भागात किक मारतानाचा आवाज रेकॉर्ड करून ऐकवतो, चालू झाली तरी आणि नाही झाली तरी.