देवाने घेतलेली पावती

(शताब्दी सोहळ्यात वडिवळे येथे केलेले भाषण)

वडीलधारी मंडळी, विणेकरी, टाळकरी, आणि शिवारातली कामं टाकून आलेल्या आयाबहिणींनो. आज आम्हाला कीर्तनाला नाही, चार शब्द बोलायला उभं केलंय. अभंग लावलेला नाही, तेव्हा चाल चुकायची भीती नाही. बोलायचं आहे ते कचेरीत दिलेल्या भेटीबद्दल. लाच म्हटलं की आपण लगेच कान टवकारतो, पुढाऱ्यांची नावं घेतो. आम्ही त्या मोठ्या लाचेबद्दल बोलत नाही. दिवाळीला भाऊसाहेबांच्या घरी जो तांदूळ पोचतो, त्याच्याबद्दल बोलतोय.

आपल्या नाणे मावळात देण्यासारखं दुसरं आहे काय? इंद्रायणी. 1987 साली हे वाण आलं, वडगावच्या भात संशोधन केंद्राचं. तेव्हापासून मावळचा माणूस कुणाकडं रिकाम्या हातानं जात नाही. लेकीच्या सासरी जातो, डॉक्टरकडं जातो, तसाच कचेरीतही जातो. भात शिजला की वासच सांगतो, हा कुठून आला.

वीस-बावीस वर्षांपूर्वीची गोष्ट. वडील गेले, सातबाऱ्यावर वारस नोंद करायची होती. आम्ही अर्ज दिला आणि सुगी झाल्यावर पंचवीस किलोचा कट्टा सडून भाऊसाहेबांच्या घरी नेऊन ठेवला. कुठल्या सज्जाचे, कुठल्या गावचे, ते सांगत नाही. सांगायचं कारणही नाही, कारण त्यांनी मागितलं नव्हतं. ते म्हणाले, "अहो, कशाला?" आम्ही म्हणालो, "घरचाच आहे." महिनाभरात नोंद झाली. आम्ही घरी येऊन सांगितलं, माणूस देवासारखा आहे.

आमच्या भावकीत एक विधवा बाई. तिचा अर्ज आमच्या आधीचा. नवरा गेलेला, दोन पोरं लहान, त्या वर्षी निम्मं खाचर लावायचं राहिलेलं. तिची नोंद काही होईना. नोंद नाही म्हणून सोसायटीचं पीककर्ज नाही. खेपा घालून थकली. एकादशीला भजनाला आली तेव्हा आम्हाला विचारलं, "दादा, तुमचं लगेच कसं झालं?" आम्ही खरं तेच सांगितलं, तांदूळ नेऊन दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती दारात. म्हणाली, "दादा, पंचवीस किलो तांदूळ उसना द्या."

खायला नव्हे. द्यायला.

आम्ही दिला. मंडळी, इथं खोटं बोलता येत नाही, आम्ही दिला. तिची नोंद झाली. आणि पुढच्या सुगीला तिनं तो तांदूळ मापानं मोजून परत आणला, तोही आम्ही ठेवून घेतला. घरात शिजला, आम्ही जेवलो. तेव्हा काही वाटलं नाही. वाटलं ते पुढं वारीत.

दुपारच्या विसाव्याला पंगत बसलेली. एका नव्या वाढप्यानं ओळखीच्या माणसाला दोनदा शिरा वाढला आणि पुढच्या म्हातारीला पळीभर. आमच्या जुन्या चोपदारांनी त्याच्या हातातलं भांडं काढून घेतलं. "पंक्तिप्रपंच चालायचा नाही," एवढंच बोलले. त्या पोरानं स्वतः एक घासही खाल्ला नव्हता. ओळखीचा माणूसही काही चोर नव्हता. पण शिरा मोजकाच होता, तो इकडं जास्त पडला की तिकडं कमी पडणारच. तिथं बसल्या बसल्या आम्हाला ती बाई आठवली. आम्ही भाऊसाहेबांना तांदूळ दिला असं आजवर समजत होतो. खरं म्हणजे आम्ही तिची पाळी घेतली होती, आणि वर तिलाच तांदूळ उसना दिला होता.

लोक म्हणतात, प्रेमानं दिलेलं परतवू नये. बरं आहे. मग सांगा, त्या भाऊसाहेबांची बदली झाली, त्या दिवाळीला तांदूळ कुठं गेला? आमचाही कट्टा नव्या भाऊसाहेबांकडं गेला. जुने कुठं राहायला गेले, हे गावात कुणी विचारलंसुद्धा नाही. प्रेम माणसावर असतं तर गाडी धरून तिकडं गेलं असतं. ते खुर्चीवर होतं.

आता दामाजीपंतांचं चरित्र आपल्याला पाठ आहे. मंगळवेढं पंढरीच्या जवळच, काहीजण वारी करून तिकडंही दर्शन घेतात. दामाजीपंत म्हणजे बादशहाचे चाकर, सरकारी कोठारं त्यांच्या ताब्यात. दुष्काळात माणसं मरायला लागली तेव्हा त्यांनी कोठारं उघडली. बेदरला बोलावणं आलं. मग पांडुरंग विठू महाराचं रूप घेऊन दरबारात गेला, ही कथा आपण शंभरदा ऐकली. पण सांगताना आमचा भर नेहमी त्या थैलीवर असायचा, मोहरा कशा संपेनात त्याच्यावर. पुढचं आम्ही घाईनं सांगायचो. देवानं पैसे भरले आणि पावती घेतली. ती पावती दामाजीपंतांच्या गीतेच्या पोथीत निघाली.

बघा, तो साक्षात जगाचा मालक. त्याला बादशहाच्या कारभाऱ्याला चार मोहरा देऊन वही फिरवता आली नसती? बादशहाला नजराणा पाठवून, आमचा माणूस आहे, सांभाळून घ्या, असं म्हणता आलं नसतं? त्यानं धान्याची किंमत भरली आणि कागद घेतला. आम्ही भाऊसाहेबांच्या घरी कट्टा ठेवला त्याची पावती नव्हती. मागायची आमची छाती नव्हती आणि द्यायची त्यांची.

आणि तुकोबाराय. शिवाजीमहाराजांचा नजराणा त्यांनी परत केला, हे पोरांनाही ठाऊक. पण आम्हाला त्याच्या आधीची गोष्ट मोठी वाटते. घरात सावकारी होती, लोकांची खतं घरात होती. भावाची वाटणी भावाला दिली आणि आपल्या वाटणीचे कागद इंद्रायणीत सोडले. दुसऱ्याचा कागद आपल्या हातात असणं म्हणजे काय, हे त्यांना कळलं होतं. आपल्या धरणाखालची कुंडली त्याच इंद्रायणीला मिळते, तेच पाणी देहूला जातं.

कायद्याचं आम्ही तालुक्याच्या एका वकिलांकडून समजून घेतलं. चौथीच्या शिक्षणात ती भाषा उलगडत नाही. सरकारी नोकरांच्या वर्तणुकीचे नियम आहेत, 1979 चे. ज्याचं काम आपल्याकडं आहे, त्याच्याकडून भेट घ्यायची नाही. मात्र सहज दिलेलं जेवण, वाटेत गाडीवरून सोडणं, याला नियम भेट म्हणत नाही. तेव्हा भाऊसाहेब बांधावर आले तर चहा पाजा, भाकरी वाढा. उगाच कुणी उन्हात उभं ठेवू नका.

दुसरं, 2018 पासून देणाराही गुन्हेगार धरला जातो, सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. बळजबरीनं द्यावं लागलं, तर 7 दिवसांच्या आत कळवलं म्हणजे सुटका. लाचलुचपत खात्याचा फोन 1064. आणि 2015 चा सेवा हक्काचा कायदा आहे, त्यात अर्ज दिला की पोच मिळते, काम किती दिवसांत व्हायचं ते ठरलेलं असतं. डिजिटल सहीचा सातबारा आता 15 रुपयांत निघतो, तांदूळ लागत नाही.

कुणी विचारील, महाराज, तुमच्या बिदागीचं काय? विचारावंच. त्याबद्दल तुकोबारायांनी काय सांगितलंय ते तुम्हालाही ठाऊक आहे. आम्ही नारळ आणि एसटीचं भाडं घेतो. दोनदा पाकीट घेतलंय, लेकीच्या लग्नाच्या वर्षी. ज्यांनी पाकीट दिलं त्यांच्या वागण्याबद्दल त्या कीर्तनात आम्ही अवाक्षर काढलं नाही. पाकीट असं काम करतं.

शेवटी एक घरचं. या शताब्दीत साहेब मंडळींना शाल-श्रीफळ आणि चांदीची मूर्ती द्यावी, असं समितीत निघालं होतं. आपल्या सभामंडपाचा अर्ज त्याच साहेबांच्या टेबलावर आहे. आम्ही नको म्हटलं, त्यावरून दोन बैठका बाचाबाची झाली, काहीजण अजून आमच्याशी बोलत नाहीत. हरकत नाही, काल्याला बोलतील. साहेब आले तर बुक्का लावू आणि पंगतीत बसवू. मंडपाला वर्ष लागलं तर लागू द्या, तोवर मांडवात भजन करू. अर्जाची पोच खजिनदारांनी दिंडीच्या वहीत लावून ठेवलीय. ज्याला बघायची आहे त्यानं पंगत उठल्यावर बघून घ्यावी.

रामकृष्णहरी.