पाय धुणारा गुरू

संतसज्जनहो, आपल्या दिंडीला शंभर वर्षं झाली. या मंगल वेळी आम्ही जरा दुसऱ्या घरची गोष्ट सांगणार आहोत.

ख्रिस्ती लोकांच्या योहानाच्या शुभवर्तमानात, १३ व्या अध्यायात, येशूचं एक काम सांगितलंय. मरणाच्या आदल्या रात्री शिष्य जेवायला बसलेले. येशू उठला, कमरेला पंचा बांधला, भांड्यात पाणी घेतलं आन् एकेकाचे पाय धुवायला लागला. त्या मुलखात पाय धुणं हे चाकराचं काम. पेत्र नावाचा शिष्य धुऊ देईना. गुरूनं आपले पाय धुवावेत हे त्याला सोसंना. येशूनं शिकवलं ते एवढंच, की मी धुतले तसे तुम्ही एकमेकांचे धुवा. आजही गुड फ्रायडेच्या आदल्या गुरुवारी पुष्कळ चर्चमध्ये धर्मगुरू लोकांचे पाय धुतात.

पण हे वर्षातून एकदा झालं. रोजचं काय? फ्रान्स देशात पॅरिसला १६४० साली एक जुना शिपाई मठात आला. म्हणजे आपल्या तुकोबारायांचाच काळ. लढाईत पाय अधू झालेला. पुढं त्याला ब्रदर लॉरेन्स म्हणू लागले. मठात त्याला काम दिलं मुदपाकखान्याचं, आन् त्याला तर स्वयंपाकाची मुळात नावड. तरी वर्षानुवर्षं त्यानं तेच केलं. पुढं मठातल्या लोकांच्या चपला सांधल्या. देवळातली प्रार्थना आन् चुलीपुढचं काम, यात त्यानं दुजाभाव ठेवला नाही. हीच त्याची पूजा.

कुणी म्हणंल, माळकऱ्यानं हे कशाला सांगावं? अहो, नारायण वामन टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले, तरी आपल्याच वळणाची भजनं रचली, कीर्तनं केली. त्यांनी आपल्या दारचं नेलं, आपण त्यांच्या दारचं एक घ्यावं.

आन् हे आपल्याला नवं कुठं आहे? पुंडलिकानं आईबापाची सेवा सोडली नाही, देवाला वीट दिली. देव रागावला का? उभा राहिला. सेवा चालू असली की देव थांबतो.

आता आपल्या दिंडीकडं बघू. पहाटे तीनला चुली पेटतात. दिवसभर चालून रात्री कीर्तन उभं राहतं, तवा त्याच माउल्या राहुटीमागं पातेली घासत असतात. आमच्या पाया पडायला रांग लागते. त्यांच्या पायाचे फोड कोण बघतो? शंभर वर्षं त्यांच्या कानावर कीर्तन लांबूनच पडलं.

म्हणून आमचं मागणं आहे. पुढल्या वारीपासून कीर्तन सुरू झालं की माउल्यांनी पुढं येऊन बसायचं. पातेली पुरुषांनी घासायची, पाळीपाळीनं. ज्या रात्री आमचं कीर्तन नसंल, त्या रात्री पहिली परात आमच्या हातात द्या. विणेकरी, चोपदार, कुणी सुटायचं नाही.

राम कृष्ण हरी.