आईकडून न मिळणारी मातृभाषा

(मंडळाच्या स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



कॅनडातल्या कर्णबधिर समाजावर मी बोलणार हे कळल्यावर आपल्यातल्याच एका काकांनी विचारलं, "म्हणजे मूकबधिरच ना?" आपल्याकडे हा शब्द सर्रास वापरतात, म्हणून तिथूनच सुरुवात करते. ही माणसं मुकी नसतात. त्यांना ऐकू येत नाही, एवढंच. त्यांच्याकडे अख्खी भाषा असते. ती हातांनी, चेहऱ्याने आणि डोळ्यांनी बोलली जाते आणि तिला स्वतःचं व्याकरण असतं. बरं, ती जगभर एकच आहे असंही नाही. इंग्लंड आणि अमेरिका दोन्हीकडे इंग्रजी बोलतात, पण तिथल्या खुणांच्या भाषा मात्र अगदी वेगळ्या.

माझी मुलगी जन्मापासून कर्णबधिर आहे. तिच्यामुळे मी या समाजात गेले आणि त्याचा इतिहास वाचू लागले.

आपण शनिवारची मराठी शाळा चालवतो ती मुलांच्या कानावर भाषा पडावी म्हणून. शाळा बुडाली तरी घरी आई असते, फोनवर आजी असते. कर्णबधिर मुलांचं तसं नाही. दहांतल्या किमान नऊ मुलांचे आईवडील ऐकू येणारे असतात, त्यांना खुणांची भाषा येतच नसते. मग ती मुलाला मिळणार कुठून? शाळेतून! वर्गापेक्षाही वसतिगृहात, मोठ्या मुलांकडून धाकट्यांना. म्हणून या समाजाचा इतिहास म्हणजे मुख्यतः शाळांचा इतिहास. शाळा बंद झाली की नुसती इमारत जात नाही, माहेर जातं.

कॅनडातली पहिली शाळा १८३१ साली क्युबेकमध्ये सुरू झाली आणि पैशांअभावी पाचेक वर्षांत बंद पडली. १८४८ पासून माँट्रियलला कॅथलिक संस्थांनी मुलांच्या आणि मुलींच्या वेगवेगळ्या शाळा काढल्या. हॅलिफॅक्सची गोष्ट मला फार आवडते. तिथली शाळा १८५६ ची. ती सुरू करण्यात विल्यम ग्रे आणि जॉर्ज टेट हे स्कॉटलंडहून आलेले दोन कर्णबधिर कारागीर होते, एक शिंपी आणि एक सुतार. त्यांनी येताना ब्रिटिश पद्धतीची दोन हातांनी दाखवायची मुळाक्षरं आणली. आपल्या भारतातही इंग्रजी अक्षरं दोन हातांनीच दाखवतात, तीही ब्रिटिशांकडून आलेली. आँटॅरिओत मात्र अमेरिकन पद्धत, एका हाताची. म्हणजे मुंबईहून टोराँटोला येणाऱ्या कर्णबधिर माणसाला इंग्रजी येत असलं तरी बाराखडी पुन्हा गिरवावी लागते!

आपल्या प्रांतात जॉन बॅरेट मॅक्गॅन यांनी १८५८ साली टोराँटोत वर्ग सुरू केला. पुढे २० ऑक्टोबर १८७० रोजी बेलव्हिलला सरकारी निवासी शाळा उघडली. तिलाच १९७४ पासून सर जेम्स व्हिटनी यांचं नाव आहे. तिथे पहिल्यापासून सॅम्युएल ग्रीन नावाचे कर्णबधिर शिक्षक होते. १८८६ मध्ये प्रांतातल्या कर्णबधिरांनी आपली संघटना काढली, तिचे पहिले अध्यक्ष हेच. आपली मंडळं निघाली त्याच्या कितीतरी आधी या मंडळींचं मंडळ होतं!

पण तोवर वारं फिरलं होतं. १८८० साली इटलीत मिलानला शिक्षकांची परिषद भरली आणि कर्णबधिर मुलांना खुणांनी नव्हे, ओठ वाचून आणि बोलूनच शिकवावं असा ठराव झाला. ठरावावर मतं देणारे जवळजवळ सगळे ऐकू येणारे होते. अलेक्झांडर ग्रॅहम बेल याच विचाराचे. ब्रँटफर्डचं त्यांचं घर आपण मुलांना कौतुकाने दाखवतो. त्यांच्या आई आणि पत्नी दोघींनाही ऐकू येत नव्हतं. तरी कर्णबधिरांनी आपसात लग्नं करू नयेत अशा मताचा निबंध त्यांनी १८८३ मध्ये वाचला. पुढची कित्येक दशकं वर्गात हात हलवायला बंदी होती. भाषा टिकली ती वसतिगृहात, दिवे मालवायच्या आधी.

ती परत मिळवायला शंभरेक वर्षं लागली. १९४० मध्ये कर्णबधिरांची देशव्यापी संघटना उभी राहिली. टोराँटोत बेव्ह्यू अव्हेन्यूवर १९७९ साली बॉब रम्बॉल केंद्र सुरू झालं. १९९० मध्ये गॅरी मल्कॉव्स्की यॉर्क ईस्टमधून प्रांताच्या विधानसभेवर निवडून आले. ते कॅनडातले पहिले कर्णबधिर आमदार, सभागृहात खुणांच्या भाषेत भाषणं करत. त्यांच्याच कारकिर्दीत, १९९३ साली, शाळेत या भाषेतून शिकवायला आँटॅरिओच्या कायद्यात जागा झाली. १९९७ च्या एल्ड्रिज खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने रुग्णालयात दुभाषी मिळणं हा हक्क मानला. त्या खटल्यातल्या एका आईला जुळं झालं तेव्हा दुभाषी नव्हता. बाळांना लगेच दुसरीकडे नेलं आणि ती बरी आहेत एवढं चिठ्ठीवर लिहून दाखवलं. शेवटी २०१९ च्या केंद्रीय कायद्याने अमेरिकन, क्युबेकची आणि मूलनिवासींची अशा खुणांच्या भाषांना मान्यता दिली. भारतात मुंबईला १८८० च्या दशकातच कर्णबधिरांची शाळा होती, पण भारतीय खुणांच्या भाषेसाठी दिल्लीत सरकारी संस्था निघायला २०१५ उजाडलं.

आता घरचं सांगते. लेकीचं निदान झालं ते १९९० च्या दशकात. एका तज्ज्ञांनी सल्ला दिला, "घरात एकच भाषा ठेवा, इंग्रजी. मराठी नको, खुणा तर नकोतच." माझ्या सासूबाईंना हे सांगितल्यावर त्या शांतपणे म्हणाल्या, "मग मी नातीशी बोलायचं कसं?" प्रश्न अगदी रास्त होता. पोरगी पुढे मिल्टनच्या ड्रुरी शाळेत गेली आणि रोज घरी येऊन आजीला शिकवू लागली. चहा, पोळी, पाऊस, "आजोबा घोरतात". सासूबाईंना इंग्रजी शेवटपर्यंत आलं नाही, पण पासष्टीनंतर ही भाषा आली. आमच्या घरात नातीशी सगळ्यात जास्त गप्पा त्यांच्याच व्हायच्या.

म्हणून कोणाच्या घरी असं मूल आलं तर श्रवणयंत्र लावा, डॉक्टरांच्या सल्ल्याने शस्त्रक्रिया करा, जरूर करा. पण यंत्र बसेपर्यंत, ते जमेपर्यंत मुलाला भाषेविना ठेवू नका. पहिली चार-पाच वर्षं भाषेची असतात, ती थांबत नाहीत.

आणि मंडळाकडे एक मागणं. माझी लेक गणपतीला येते, आरती होईपर्यंत थांबते आणि जाते. नाटकाला येत नाही, कारण तिथे तिला काहीच कळत नाही. पुढच्या वर्षी एका कार्यक्रमाला तरी दुभाषी ठेवू या. लांबलचक कार्यक्रमाला दोघं लागतात, आलटून पालटून. मराठी आणि इथली खुणांची भाषा दोन्ही येणारं माणूस मिळणं कठीण, तेव्हा आपल्यापैकी कोणीतरी मराठीचं इंग्रजी करून त्यांच्या कानात सांगायचं. मी एका अंकापुरती तयार आहे, दुसऱ्या अंकाला माणूस हवाय. प्रेक्षागृहात अंधार झाला तरी दुभाष्यावर एक दिवा राहू द्यायचा आणि समोरच्या खुर्च्या राखायच्या. खर्चाचा अंदाज मी खजिनदारांना देऊन ठेवला आहे.

दुसऱ्या अंकासाठी कोण येतंय, ते चहाच्या वेळी मला सांगा.