गुरुजींची पूर्वतयारी

मृग लागला, कीं सोलापुरांत शाळांचीं दारें उघडण्याचे दिवस येतात. सुटी सरतां सरतां गुरुजी हजेरीपट आंखतात, टांचणवही काढतात. परंतु या जिल्ह्यांत मराठीच्या शेजारीं कानडी व तेलुगूही नांदतात. मुलाच्या घरची भाषा आणि पुस्तकाची भाषा पुष्कळदां एक नसते. माढा तालुक्यांतील परितेवाडीच्या शाळेंत २००९ सालीं आलेल्या रणजितसिंह डिसले यांच्यापुढें हीच अडचण उभी राहिली. त्यांनीं आधीं स्वतः कानडी शिकून घेतली. मग पहिली ते चौथीचीं पुस्तकें मुलांसाठीं नव्यानें मांडलीं. २०२० सालीं त्यांना जागतिक शिक्षक पुरस्कार लाभला. पहिल्याच दिवशीं गुरुजींच्या तोंडीं आपल्या घरचा एक शब्द ऐकूं आला, तर बुजलेलें मूल दुसऱ्या दिवशीं आपण होऊन शाळेंत येतें.