हळू आवाजात स्पष्ट ऐकवतो, तो हेडफोन चांगला

मोहोळहून आम्ही बचत गटाच्या बायका बोलतोय.

आजचा विषय आहे हेडफोन. नाव काढलं की कुणालाही वाटतं, ही कॉलेजच्या पोरांची हौस, आपल्याला काय करायचंय? पण आमच्या गटांच्या बैठकांत अलीकडे हा प्रश्न सारखा निघतो. चार-पाचशे रुपयांत चांगला हेडफोन कोणता घ्यावा? आणि विचारणाऱ्या आपल्यातल्याच असतात. एकीचं प्रशिक्षण मोबाईलवर चालतं आणि शेजारी पिठाची गिरणी घरघरत असते. दुसरीची मुलगी दहावीला आहे, एकाच खोलीत टीव्हीही आहे आणि अभ्यासही आहे. तिसरीला डॉक्टरांशी, बँकेच्या माणसाशी किंवा माहेरच्या बहिणीशी चार शब्द बोलायचे असतात, पण फोन स्पीकरवर लावला की अख्ख्या घराचे कान तिकडे लागतात. स्वतःचं बोलणं स्वतःपुरतं ठेवता यावं, ही काही चैन म्हणता येणार नाही.

म्हणून पैसे घालायचे तर नीट बघून घालूया. आमचं एकच सांगणं आहे, आणि बाकी सगळं त्याच्याच आधारानं सांगणार आहोत. जास्त मोठ्यानं वाजतो तो हेडफोन चांगला, असं समजू नका. आवाज कमी ठेवूनही ज्याच्यातून शब्द न् शब्द कळतो, तो चांगला. मोठा आवाज तर कुठलाही स्वस्त माल काढतो. कमी आवाजात स्पष्टपणा देणं हे खरं काम. त्यानं ऐकणं सोपं होतं आणि कानही राखले जातात.

आधी प्रकार बघू. पहिला तारेचा, कानात बसणारा इअरफोन. दुसरा मानेभोवती पट्टा असलेला बिनतारी, त्याला नेकबँड म्हणतात. तिसरे सुटे बिनतारी, डबीत ठेवून चार्ज करायचे ते इअरबड. चौथा डोक्यावरून घालायचा, गादीसारखे गोल अख्ख्या कानावर येणारा.

बजेट पाचशेच्या आसपास असेल, तर आम्ही तारेचाच सुचवतो. कारण साधं आहे. बिनतारी वस्तूत बॅटरी घालावी लागते, ब्लूटूथचा भाग घालावा लागतो, आणि तेवढ्याच पैशात ते सगळं बसवायचं तर आवाजाच्या भागावर खर्चायला कमी उरतं. तारेच्या हेडफोनला चार्जिंग लागत नाही, लाईट गेली तरी अडत नाही. इअरबडमध्ये तर तीन बॅटऱ्या असतात, दोन कानांच्या दोन आणि डबीची एक. त्या वापरून वापरून उतरतात आणि सहसा बदलून मिळत नाहीत. शिवाय एक बड रानात पडला की जोडी मोडली.

आपल्यासारख्या रेडिओ ऐकणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट. ज्या मोबाईलमध्ये एफएम रेडिओ असतो, त्यात बहुतेक वेळा तारेचा हेडफोन लावल्याशिवाय स्टेशन लागत नाही. ती तारच एरियलचं काम करते. बिनतारी हेडफोननं ते होत नाही.

मात्र दोन्ही हात कामात असतात, शिलाई मशीनवर तार अडकते, अशांनी नेकबँड घ्यायला हरकत नाही. त्याला थोडे जास्त पैसे लागतील. इअरबडपेक्षा तो हरवायची भीती कमी.

आता दुकानात जाण्याआधी आपला फोन नीट बघा. गोल भोक आहे का? ते ३.५ मिलिमीटरचं. नव्या पुष्कळ फोनांना ते नसतं, चार्जिंगचं चपटं टाइप-सी भोकच असतं. त्यासाठी टाइप-सीचाच हेडफोन घ्यावा लागतो किंवा मधे जोडणी लावावी लागते. ही जोडणी प्रत्येक फोनवर चालतेच असं नाही, म्हणून आपल्याच फोनला लावून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

गोल पिनेवरच्या काळ्या रेघा मोजा. तीन रेघा असतील तर त्यात बोलायचा माईक आहे. दोनच असतील तर फक्त ऐकता येईल, आपला आवाज पुढच्याला फोनच्याच माईकमधून जाईल. बैठकीसाठी हवा असेल तर तीन रेघांचा घ्या.

दुकानदार दादा खोक्यावरचं वाचून दाखवतील. वीस ते वीस हजार हर्ट्झ. हे जवळपास प्रत्येक खोक्यावर छापलेलं असतं, त्यावरून चांगलं-वाईट ठरत नाही. ड्रायव्हर दहा मिलिमीटरचा की चौदाचा, यावरूनही ठरत नाही. ड्रायव्हर म्हणजे आतला छोटा पडदा, तो हलतो आणि आवाज होतो. पडदा मोठा असला म्हणून आवाज सुरेख असतोच असं नाही. ओहम हा आकडा मात्र बघा. मोबाईलला १६ किंवा ३२ ओहमचा हेडफोन ठीक चालतो. स्टुडिओत वापरायचे काही अडीचशे ओहमचे असतात, ते मोबाईलवर बारीक वाजतात.

‘एक्स्ट्रा बास’ असं मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असतं. बास म्हणजे ढोलाचा, हलगीच्या घुमाऱ्याचा जाड आवाज. गाण्याला तो बरा वाटतो. पण तो फार वाढवला की माणसाचं बोलणं त्याच्याखाली दबतं. स, श, त, प ही अक्षरं बारीक आवाजाची असतात, तीच आधी हरवतात. आपल्याला भाषण, अभ्यास, बैठक ऐकायची आहे, म्हणून बासच्या जाहिरातीला भुलू नका.

मग पारखायचं कसं? आमची एक युक्ती आहे. घरून निघण्याआधी एका मैत्रिणीला तिच्या नेहमीच्या आवाजात आकडे वाचायला सांगा आणि मोबाईलवर रेकॉर्ड करा. सदतीस, सदुसष्ट, एकोणसाठ, एकोणसत्तर, पंचावन्न, पंचाहत्तर. आपल्या गटाच्या हिशेबात असेच आकडे येतात, आणि सदतीसशेच्या जागी सदुसष्टशे ऐकू आले तर काय होतं ते आपण जाणतो. दुकानात हेडफोन लावा, आवाज निम्म्यावर ठेवा आणि हे ऐका. रस्त्यावरची वाहनं चालू असतानाच ऐका, आपल्याला तसंच ऐकायचं आहे. आकडे न चुकता कळले तर तो हेडफोन पहिल्या परीक्षेत पास. कळण्यासाठी आवाज वाढवावा लागला तर दुसरा मागा.

मग पाच गोष्टी तपासा. दोन्ही कानांत सारखा आवाज येतो का? पिनेजवळ आणि जिथून तार दोन फाटे होते तिथे तार हलवून बघा, खरखर येते का? हेडफोन बहुतेक याच दोन ठिकाणी तुटतात, म्हणून तिथे रबराचं मजबूत वेटोळं हवं. तार जाड आहे का, की केसासारखी? माईकवर चार वाक्यं रेकॉर्ड करून लगेच ऐका, आपला आवाज लांबून आल्यासारखा तर नाही? आणि बटण दाबून फोन उचलता येतो का?

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे कानात नीट बसणं. खोक्यात रबराच्या लहान, मध्यम, मोठ्या अशा तीन जोड्या टोप्या असतात. आपण बहुतेक जणी लावलेली मधलीच वापरतो आणि बाकीच्या कपाटात पडतात. तिन्ही लावून बघा. टोपी सैल असेल तर बाहेरचा गोंगाट आत येतो, जाड आवाज बाहेर पळतो, आणि आपण आवाज वाढवत जातो. तीच बरोबर बसली की निम्म्या आवाजात काम भागतं. दोन कानांना दोन वेगळ्या मापाच्या लागल्या तरी लावा. कानात टोचत असेल तर मात्र बाहेरच्या पाळीत टेकणारा साधा प्रकार घ्या.

खोक्यावर कमाल किंमत, बनवणाऱ्या किंवा आयात करणाऱ्या कंपनीचं नाव-पत्ता, आणि तक्रारीसाठी फोन नंबर हवा. नामांकित कंपनीसारखंच नाव, एखादं अक्षर इकडचं तिकडे, असा माल बाजारात असतो. नावाची अक्षरं एकेक करून वाचा. बिनतारी हेडफोनला भारतीय मानक ब्युरोची नोंदणी सक्तीची आहे. खोक्यावर किंवा वस्तूवर ब्युरोची खूण आणि इंग्रजी ‘आर’ अक्षरापुढे आठ आकडी नंबर असतो. ‘बीआयएस केअर’ नावाचं सरकारी अॅप मोबाईलवर घेऊन तो नंबर टाकला की नोंदणी कुणाच्या नावावर आहे ते दिसतं. कॉलेजात जाणाऱ्या मुलीला सांगा, दोन मिनिटांत बघून देईल.

भावाचं म्हणाल, तर आठवडी बाजारात शंभर रुपयांतही हेडफोन मिळतो. तो तीन महिन्यांत गेला, की वर्षात चार घ्यावे लागले, चारशे रुपये गेले, आणि वर्षभर ऐकलं ते खरखरीतच. तेच चारशे-पाचशे एकदम घालून वर्षभराची वॉरंटी असलेला घेतला तर पैसे सारखेच जातात. सोलापूरला नव्या पेठेत जाणं झालं तर चार दुकानांत लावून बघा. मोहोळमध्ये ओळखीच्या दुकानात घेतलात तर बदलून घ्यायला सोपं. ऑनलाइन घ्यायचा असेल तर परत करायची मुदत आधी वाचा आणि मुदतीतच सगळ्या परीक्षा उरका.

बिल घ्याच. बिलाशिवाय वॉरंटी मागायला तोंड उरत नाही. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात बिल न देणं ही अनुचित व्यापारी प्रथा धरली आहे. अडचण आली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५, लिहून ठेवा.

आता कानांविषयी. जागतिक आरोग्य संघटना सांगते की मोठ्या माणसानं ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत ऐकावा. ८० म्हणजे गजबजलेल्या रस्त्याइतका. आवाज ९० वर गेला की तीच मर्यादा आठवड्याला चार तासांवर येते. आकडा दहानंच वाढला, पण वेळ दहा पटींनी घटली. लहान मुलांसाठी तर ७५ डेसिबलच धरलेले आहेत. आपल्याकडे डेसिबल मोजायचं यंत्र नाही, म्हणून सोपा नियम लक्षात ठेवा. फोनच्या आवाजाची पट्टी साठ टक्क्यांच्या वर नेऊ नका, आणि तासाभरानं कानाला विसावा द्या. हेडफोन लावलेल्या पोराला हातभर अंतरावरून नेहमीच्या आवाजात हाक मारा. ऐकू गेली नाही तर आवाज जास्त आहे.

कानाच्या आत केसासारख्या बारीक पेशी असतात, त्यांच्यामुळे आपण ऐकतो. मोठ्या आवाजानं त्या मरतात आणि माणसाच्या कानात पुन्हा उगवत नाहीत. ऐकून झाल्यावर कानात कुई वाजत राहिली, तर कान सांगतोय की जास्त झालं.

सासूबाईंना कमी ऐकू येतं म्हणून हेडफोनचा आवाज वाढवत नेऊ नका. हेडफोन म्हणजे श्रवणयंत्र नव्हे. त्यांना आधी कानाच्या डॉक्टरांना दाखवा. कान फुटलेला असेल, पू येत असेल, तर हेडफोन लावूच नका. एकमेकींचे इअरफोन वापरायची वेळ आली तर रबरी टोप्या काढून साबणाच्या पाण्यानं धुवा, पूर्ण वाळवा, मग लावा. फोन चार्जिंगला असताना तारेचा हेडफोन कानात नको. पुणे-सोलापूर हायवे ओलांडताना, रेल्वे रुळाजवळ, कडबाकुट्टी किंवा मळणी यंत्राजवळ तर दोन्ही कान मोकळेच हवेत.

शेवटी गटासाठी एक सुचवणं. गटात रेडिओसाठी कार्यक्रम रेकॉर्ड करायचा असेल, तर सगळ्यांत मिळून डोक्यावरून घालायचा, मागून बंद असलेला एक हेडफोन घ्या. तो अख्खा कान झाकतो, त्यामुळे आतला आवाज बाहेर गळून पुन्हा माईकमध्ये शिरत नाही, आणि पंख्याची घरघर, कोंबड्याचं आरवणं रेकॉर्ड होताना तिथेच कळतं. आपल्या शेजारच्या सातारा जिल्ह्यात, म्हसवडला माणदेशी तरंग वाहिनीवर गावाकडच्या बायकांचे आवाज कधीपासून घुमतायत. आपलेही आवाज असेच स्वच्छ जावेत. अशा हेडफोनला हजाराच्या पुढे लागतील, पण दहा जणींत वाटले तर एकीला शंभर-दीडशे येतात. वापराची वही ठेवा, कुणी कधी नेला, कधी आणला.

तर मैत्रिणींनो, येत्या बैठकीला तुमच्याकडे आहेत ते हेडफोन घेऊन या. आकड्यांची ती परीक्षा सगळ्याजणी मिळून करूया. कुणाचा निम्म्या आवाजात पास होतो ते बघू, आणि ज्यांना नवा घ्यायचा आहे त्यांनी त्याच दिवशी मोबाईलचं भोक आणि पिनेच्या रेघा तपासून घ्याव्यात.